दोन महिने, एक शब्द: अमळनेरच्या एका इंग्रजी शिकवणीबद्दल

धरणगावला माझा डान्सचा क्लास आहे. घराच्या गच्चीवर पत्रे टाकून घेतले आहेत, तिथे संध्याकाळी पोरी येतात. शाळांच्या गॅदरिंगचे डान्स बसवते, लग्नसराईत हळदीचे आणि संगीताचे बसवते. अकरा वर्षं झाली. ‘डान्स’ हा शब्द दिवसातून शंभर वेळा माझ्या तोंडून जातो. तोच शब्द मला इंग्रजीत वापरता येत नाही, हे मला मागच्या वर्षी कळलं, आणि तो शिकायला मी दोन महिने आठवड्यातून दोनदा रेल्वेने अमळनेरला गेले. त्या शिकवणीबद्दल हे लिहिते आहे. सरांनी ‘माझं नाव छापू नकोस, माझ्या ओसरीवर आठच जण मावतात’ असं बजावून सांगितलंय, म्हणून नाव लिहीत नाही. ज्याला खरंच जायचंय त्याला बोरी नदीच्या अलीकडच्या जुन्या वस्तीत कुणीही घर दाखवेल.

जायची वेळ का आली ते आधी सांगते. एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत डान्स टीचरची जागा निघाली होती. अर्जात एक रकाना होता, तुम्ही काय काम करता ते थोडक्यात लिहा. मी लिहिलं: ‘आय टेक डान्स क्लासेस. आय डान्स स्मॉल चिल्ड्रन ऑन मराठी साँग्ज. आय डू फिफ्टी डान्स इन वन इयर.’ मुलाखतीला गेले तर मुख्याध्यापिकेने अर्ज दोनदा वाचला आणि फार सभ्यपणे विचारलं, ‘तुम्ही अजून शिकताय का?’ मी म्हटलं, नाही मॅडम, मी शिकवते. त्या पुन्हा अर्जाकडे बघायला लागल्या. जागा दुसरीला मिळाली. तिचं काम मी पाहिलेलं आहे, चांगलं आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण माझं अकरा वर्षांचं काम तीन वाक्यांत चुकीचं मांडलं गेलं, आणि ते माझ्याच हाताने, हे फार लागलं.

त्याआधीही एकदा इंग्रजी शिकायचा प्रयत्न केला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी एका मोठ्या क्लासला साडेसहा हजार भरले होते. एसी, पडद्यावर चित्रं, रोज पन्नास शब्दांची यादी. त्या यादीत ‘डान्स म्हणजे नृत्य’ असं एका ओळीत होतं. ते मला येतच होतं, म्हणून मी ती ओळ वाचलीसुद्धा नाही.

अमळनेरच्या सरांकडे सोळा बैठका असतात. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार ते साडेपाच. फी १८०० रुपये, तीही दोन हप्त्यांत दिली तरी चालते. सर हायस्कूलातून निवृत्त झालेत, वय सत्तरीच्या पुढे, आवाज खणखणीत. ओसरीवर चटया, भिंतीला फळा, कोपऱ्यात माठ. पहिल्या दिवशी ते प्रत्येकाला एकच विचारतात: दिवसभरात तुझ्या तोंडी सगळ्यात जास्त येणारा इंग्रजी शब्द कोणता? आमच्यात मेडिकलवर काम करणारा एक पोरगा होता, त्याने ‘स्ट्रिप’ सांगितला. केळीच्या वखारीवरचा हिशेबनीस होता, त्याचा ‘रेट’. एसटीतले एक कंडक्टर यायचे, त्यांचा ‘पास’. ब्यूटी पार्लरवालीचा ‘सेट’. मी म्हटलं, ‘डान्स’.

मग आठ आठवडे ज्याचा त्याचा तोच शब्द. दर बैठकीला त्या शब्दाचं एक पान लिहायचं, सर्वांसमोर वाचायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. दुसऱ्याच्या शब्दाच्या वेळी आपणही शिकतो, त्यामुळे मला आता ‘पास’सुद्धा बऱ्यापैकी येतो. पण मुद्दा असा की एका शब्दाच्या मागे लागलं की सगळं व्याकरण त्याच्यामागून आपोआप चालत येतं. काळ आला, अनेकवचन आलं, शब्दयोगी अव्ययं आली, उच्चार आले. यादी पाठ करून मला हे कधी मिळालं नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘ऑन’वर. तिसऱ्या बैठकीला मी फळ्यावर लिहिलं, ‘द गर्ल्स डान्स्ड ऑन अ मराठी साँग.’ सर काही बोलले नाहीत. आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्राचं पान घेतलं, त्यावर ठळक अक्षरात ‘गाणं’ असं लिहिलं, ओसरीच्या मधोमध पसरलं आणि म्हणाले, ‘उभी राहा यावर. आता नाच.’ मी उभी राहिले, दोन गिरक्या घेतल्या, कागद फाटला.

‘हे झालं ऑन. जे पायाखाली आहे ते ऑन. स्टेजवर, गच्चीवर, ओट्यावर. गाणं पायाखाली असतं का गं?’

‘नाही सर. कानात असतं.’

‘मग?’

मराठीतला ‘वर’ फार मोठ्या मनाचा आहे. आपण स्टेजवर नाचतो, गाण्यावरही नाचतो, ढोलावर नाचतो, तालावर नाचतो, सगळीकडे तोच ‘वर’. इंग्रजी तसं करत नाही. स्टेजला ‘ऑन’, गाण्याला ‘टू’. ‘डान्स टू अ साँग, डान्स टू द म्युझिक.’ हा ‘टू’ म्हणजे ‘लिसन टू’मधलाच, असं सरांनी सांगितलं. कान ज्या दिशेला लागलेत, अंगही त्याच दिशेला लागलेलं आहे. जोडीदार असेल तर ‘विथ’, लग्नात असेल तर ‘अ‍ॅट अ वेडिंग’. आणि आपण जे म्हणतो ना, हा बायकोच्या तालावर नाचतो, ते इंग्रजीत जवळजवळ जसंच्या तसं आहे, ‘डान्स टू समवन्स ट्यून’, पण तिथेही ‘टू’च. ताल कधी पायाखाली येत नाही.

हे ऐकून मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नवीन पोरी पुढच्या पोरीच्या पायांकडे बघून नाचतात. त्यांचा अर्धा ठोका नेहमी मागे पडतो. मी अकरा वर्षं त्यांना ‘गाण्यावर नाच, गाण्यावर’ असं ओरडत आले होते. त्या दिवशी त्यांना पाच मिनिटं डोळे मिटून नुसतं गाणं ऐकत जागच्या जागी पाय टाकायला लावले. कान आधी, पाय नंतर. आता रोजची सुरुवात अशीच करते. इंग्रजीची फी भरली होती, पण मला याचाही उपयोग झाला.

दुसरी गोष्ट अहिराणीची. आमच्या घरात अहिराणी बोलतात. इतक्या वर्षांत इंग्रजीच्या कुठल्याही शिक्षकाने अहिराणीचं नाव काढलं नव्हतं. काढलंच तर ‘तुझ्या बोलीमुळे इंग्रजी बिघडतं’ असं म्हणायला. सरांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. ‘ती नाचस’ आणि ‘ती नाची ऱ्हायनी.’ मग पुढे लिहिलं: ‘शी डान्सेस’ आणि ‘शी इज डान्सिंग’. म्हणाले, ‘रोजचं, सवयीचं असेल तर नाचस. आत्ता डोळ्यांसमोर चाललंय तर नाची ऱ्हायनी. तुला हा फरक जन्मापासून माहीत आहे, फक्त कुणी सांगितलं नाही.’ त्यांनी आणखी एक दाखवलं. ‘नाचस’च्या शेवटी स आहे, ‘डान्सेस’च्या शेवटीही आहे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण लक्षात ठेवायला खुंटी म्हणून चालतं. मात्र लगेच सावधही केलं. आपण घरातून निघताना ‘मी येस’ म्हणतो, म्हणजे ‘मी’लाही स लावतो. इंग्रजी ‘आय’ला तो लावत नाही. म्हणून खान्देशातली पोरं ‘आय डान्सेस’ लिहितात ती ढ असतात म्हणून नाही, त्यांची भाषा तसं करते म्हणून. हे सांगणारा माणूस मला सदतिसाव्या वर्षी भेटला. मी त्या दिवशी परतीच्या गाडीत खिडकीशी बसून सगळा रस्ता ‘नाचस, नाची ऱ्हायनी’ घोळवत आले.

आता ‘डान्सर’. या शब्दासाठीच मी हे सगळं लिहायला बसले.

माझ्या पाटीवर मी स्वतःला कधीच डान्सर म्हणवून घेतलं नाही. २००५ साली मी बारावीत होते. त्या वर्षी राज्य सरकारने डान्स बारवर बंदी आणली आणि रोजच्या पेपरात, टीव्हीवर ‘बार डान्सर’ हे दोन शब्द जोडीने यायला लागले. पुढे कोर्टकचेऱ्या चालल्या, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयातही ती बंदी टिकली नाही, पण तोवर शब्दाचं व्हायचं ते होऊन गेलं होतं. माझ्या वडिलांनी गॅदरिंगमधून माझं नाव काढायला लावलं. ते वाईट नव्हते. त्यांना ‘तुमची पोरगी डान्सर आहे म्हणे’ हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. आपल्याकडे या एका कामाला तीन शब्द आहेत आणि तिघांची पायरी वेगळी. ‘नृत्य’ सर्टिफिकेटवर छापतात, बोलत कुणी नाही. ‘नाच’ तर रागवायलाच वापरतात, ‘काय नाच चाललाय’ म्हणून, आणि बाईला ‘नाचणारी’ म्हटलं की ती सरळ शिवी होते. ‘डान्स’ मधला, म्हणून आया मला फोन करून ‘डान्सचा क्लास का?’ असं विचारतात. पण ‘डान्स’ला ‘र’ लागला की तोही घसरतो.

हे मी माझ्या पानात लिहिलं आणि वाचताना माझा आवाज जड झाला. सरांनी पूर्ण वाचू दिलं. मग म्हणाले, ‘इंग्रजीतला हा र काय करतो ते बघू.’ आणि फळ्यावर ओळीने लिहिलं: अर्ली रायझर, स्लो ईटर, गुड डान्सर. यातला एकही धंदा नाही. लवकर उठतो, सावकाश जेवतो, छान नाचते, एवढाच अर्थ. ‘यू आर अ गुड डान्सर’ हे वाक्य तिथे लग्नात मामाला म्हणतात, आजीला म्हणतात, आणि ते ऐकून माणूस खूश होतो. पण पुढे विशेषण नसेल, नुसतंच ‘शी इज अ डान्सर’ असेल, तर ‘शी इज अ नर्स’सारखा तो पेशा झाला, आणि पेशा म्हणूनही तो मानाने घेतला जातो. म्हणजे ‘गुड’ आहे की नाही यावर वाक्याचा अर्थ फिरतो. इतकी बारीक गोष्ट मला कुठल्याच यादीत मिळाली नसती.

त्याच बैठकीत त्यांनी आमच्या ‘नाच’चा प्रवास सांगितला. संस्कृतातलं नृत्य, प्राकृतात णच्च, त्याचं आपलं नाच. इंग्रज इथे आले तेव्हा त्यांनी हाच शब्द उचलून ‘नॉच’ केला, आणि ‘नॉच गर्ल’ म्हणून इथल्या नाचणाऱ्या बायकांना चिकटवला. १८९० च्या दशकात मद्रासेकडे त्यांच्याविरुद्ध चळवळच झाली, तिचं नावही ‘अँटी नॉच’. म्हणजे आपला साधा शब्द तिकडे गेला आणि डाग घेऊन शब्दकोशात बसला, आणि त्यांचा साधा शब्द इकडे आला आणि शंभर वर्षांनी इथे डागाळला. खुद्द ‘डान्स’ही इंग्रजीचा घरचा नाही, तो फ्रेंचमधून साधारण १३०० च्या सुमारास आलेला. त्याआधी त्यांच्याकडे वेगळे शब्द होते. सर म्हणाले, ‘शब्द स्वतः काही करत नाही गं, माणसं त्याला करतात.’ ते मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

त्यानंतर श्रावणात कानबाई, ही आमची खान्देशातली देवी, घरी बसली. नागपंचमीनंतरचा रविवार, आमच्याकडे भाऊबंदकीतले सगळे जमतात, सोमवारी विसर्जनाला बायका नाचतात, फुगड्या घालतात. माझ्या सासूबाई एरवी गुडघ्यांमुळे जिना चढत नाहीत, पण कानबाईपुढे त्या नाचल्या की बघत राहावं. खांद्यातून नाचतात, पाय जेमतेम हलतात, आणि ताल कुठे म्हणून सुटत नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, ‘आई, यू आर अ गुड डान्सर.’ त्या थांबल्या. ‘काय म्हनी ऱ्हायनी तू? माले डान्सर म्हनी ऱ्हायनी?’ मी तिथेच, ढोलाच्या आवाजात, त्यांच्या कानाशी लागून अर्थ सांगितला, की तुम्हाला छान नाचता येतं एवढंच. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली आणि पुन्हा नाचायला लागल्या. रात्री झाकपाक करताना स्वतःहून म्हणाल्या, ‘ते काय म्हने तू, गुड का?’ मी पुन्हा म्हणून दाखवलं.

बाकीचं भराभर सांगते, कारण प्रत्येकाच्या शब्दाचं वेगळं निघेल. ‘आय टेक डान्स क्लासेस’ यात चूक काय, तर आपण मराठीत ‘क्लास घेते’ म्हणतो म्हणून ‘टेक’ केलं, पण ऐकणारा बहुधा ‘शिकायला जाते’ असाच अर्थ लावतो. मुख्याध्यापिकेचं बरोबर होतं. ‘आय डान्स स्मॉल चिल्ड्रन’ हे मराठी ‘नाचवते’वरून आलेलं. इंग्रजीत बाळाला मांडीवर घेऊन उडवतात त्याला असं म्हणता येतं, शिकवण्याला नाही. ‘आय मेक देम डान्स’ म्हटलं तर बळजबरीचा वास येतो. ‘आय टीच चिल्ड्रन टू डान्स’ हे साधं आणि बरोबर. ‘डू डान्स’ टाळायचं, कारण ‘डान्स’ स्वतःच क्रियापद आहे, त्याला आधार लागत नाही. आपण मात्र मराठीत ‘डान्स करणे’ म्हणतो म्हणून तो ‘डू’ चिकटतो. आणि आमच्या धंद्यातलं ‘डान्स बसवणे’, त्याला ‘कोरिओग्राफ अ डान्स’. या ‘कोरिओग्राफ’च्या स्पेलिंगमध्ये एक मुका एच आहे, तो विसरायचा नाही. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ नाच लिहिणे. आपण बसवतो, ते लिहितात. मला आपला शब्द जास्त आवडतो. नाच पोरींच्या अंगात बसायलाच लागतो, कागदावर लिहून काय उपयोग?

मोजायचं असेल तेव्हा ‘अ डान्स, टू डान्सेस’, कला म्हणून बोलायचं असेल तर नुसतं ‘डान्स’, आवड म्हणून ‘आय लव्ह डान्सिंग’. भूतकाळाचा उच्चार ‘डान्सेड’ नाही, ‘डान्स्ट’. स नंतर ड तोंडात नीट बसत नाही, त्याचा ट होतो. उलट ‘डान्सेस’ला एक स्वर जास्त लागतो, ‘डान्सिझ’सारखा. ‘डान्सिंग’ लिहिताना ई गळतो पण ‘डान्सेबल’मध्ये राहतो, कारण सीच्या पुढे ए आला तर क वाचलं जाईल. ‘डान्सिंग टीचर’ म्हणताना जोर ‘डान्सिंग’वर दिला तर नाच शिकवणारी बाई, ‘टीचर’वर दिला तर नाचत असलेली बाई. माझ्या क्लासातल्या पोरी व्हिडिओ बघून ‘डॅन्स’ म्हणतात, मी ‘डान्स’ म्हणते. सर म्हणाले, दोन्ही चालतं, एक अमेरिकेकडचं आणि एक इंग्लंडकडचं, फक्त एका वाक्यात दोन नकोत.

माझ्या पाटीवर ‘स्कूल डान्स स्पेशालिस्ट’ असं लिहिलेलं होतं. इंग्रजीत ‘अ डान्स’ म्हणजे नाचायला जमण्याचा कार्यक्रमही होतो, आणि ‘स्कूल डान्स’ म्हणजे शाळेतल्या मुलामुलींनी संध्याकाळी जमून नाचायचा समारंभ. गॅदरिंगशी त्याचा संबंध नाही. (गॅदरिंगलाही आपल्याकडच्या इंग्रजी शाळांत ‘अ‍ॅन्युअल डे’ म्हटलं तर चटकन कळतं.) पाटी मी रंगाऱ्याकडून बदलून घेतली. आता वर मराठीत ‘डान्स क्लास’, आणि खाली इंग्रजीत ‘वी टीच चिल्ड्रन टू डान्स’.

आता कमी काय आहे तेही लिहायला हवं. मी गेले ते पावसाळ्याचे दिवस होते, पण उन्हाळ्याच्या तुकडीला होते त्यांनी सांगितलं की दुपारी चारला त्या ओसरीवर बसवत नाही. आपल्याकडचं ऊन माहीत आहे, पत्र्याखाली एकच पंखा आणि तोही वीज असेल तेव्हा. सरांनी तुकडी सकाळी घ्यावी असं मी त्यांना बोलले आहे. दुसरं, ऐकण्याचा सराव फार कमी. सर स्वतः स्पष्ट आणि सावकाश बोलतात, ते सगळं कळतं, पण बाहेरचा माणूस फोनवर भराभर इंग्रजी बोलला की मी अजून गडबडते. मोबाईल ओसरीवर आणू देत नाहीत. मला वाटतं आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं वेगवेगळ्या लोकांचं बोलणं ऐकवलं तर फार फरक पडेल. तिसरं, सर्टिफिकेट मिळत नाही. ज्यांना महिन्याभरात मुलाखत द्यायची आहे, ज्यांना कागद हवा आहे, त्यांनी इथे जाऊन सरांचा आणि स्वतःचा वेळ घेऊ नये. सुट्टी मारली तर ती बैठक भरून देत नाहीत. माझ्या दोन गाडीमुळे बुडाल्या, त्या बुडाल्याच. आणि एका बैठकीत आठ जणांची पानं वाचायची म्हणजे शेवटच्याला घाईच होते. कंडक्टरकाकांचं पान तीनदा राहिलं, हे मला बरोबर वाटलं नाही.

बायकांनी एकट्याने जायला काही अडचण नाही. सरांच्या पत्नी आत असतात, पाच वाजता सर्वांना चहा देतात. स्टेशनापासून चालत जाता येतं, रिक्षाही मिळते. परतीच्या गाडीची वेळ मात्र आधी बघून ठेवा, कारण साडेपाच म्हणजे साडेपाच होत नाहीत, पावणेसहा धरा.

पाचापैकी मी साडेचार देते. अर्धा ऐकण्याच्या सरावासाठी ठेवलाय.

परवा जळगावच्या एका शाळेला पत्र पाठवलं, अ‍ॅन्युअल डेच्या कामासाठी. त्यात लिहिलं: ‘आय टीच चिल्ड्रन टू डान्स. आय कोरिओग्राफ अबाउट फिफ्टी डान्सेस अ इयर, मोस्टली टू मराठी अँड अहिराणी साँग्ज.’ कुणाला दाखवलं नाही, पाठवून दिलं. चार डान्स बसवायचं काम मिळालंय. फोनवरच्या मॅडमनी ‘अहिराणी साँग्ज कुठली घेणार?’ एवढंच विचारलं, बाकी काही पुन्हा सांगावं लागलं नाही.

नवी तुकडी दिवाळीनंतर आहे. शंभर पानी वही न्या, आणि आपला शब्द घरून ठरवून जा, तिथे गेल्यावर सुचत नाही. शेवटच्या बैठकीला सर प्रत्येकाकडून पानांची स्वच्छ प्रत घेतात आणि ओसरीवरच्या कपाटात शब्दवार लावून ठेवतात. माझ्या आधी ‘डान्स’ कुणीच घेतलेला नव्हता, मी विचारलं होतं. तुम्हाला घ्यायचा असेल तर घ्या. माझी चौदा पानं तिथे आहेत, मागितली की सर काढून देतात.